बाज्याच्या बोटाची पट्टी

"मुलगी?" डाबरे सरांनी विचारलं.

"गोलात पोरगा-पोरगी नसतंय," आबा म्हणाले. "बॉल अडतोय का न्हाई, एवढंच असतंय."

भिंतीवर बसलेली माणसं हसली. तालमीमागच्या मैदानाला एका बाजूने कमरेएवढी भिंत होती आणि त्या सकाळी आमची अर्धी पेठ तिच्यावर बसली होती. डिसेंबरची थंडी होती. कुणी मफलर गुंडाळून, कुणी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून. खेळ बघायला आलेल्या माणसांचे चेहरे तसे नसतात. ती माणसं पाहुण्यांच्या गाडीवर डोळा ठेवायला आली होती.

डाबरे सर वसईचे. मुंबईच्या एका व्यावसायिक क्लबाचे प्रशिक्षक. त्या क्लबाने कर्जतच्या पुढे जागा घेतली होती आणि मुलांची अकादमी काढायचं ठरवलं होतं. राहायला वसतिगृह, जवळच शाळा, हिरवळीची मैदानं, दूध-अंडी, बूट, सगळं क्लबाचं. मुलगा पंधराच्या आतला हवा आणि पुढे तो क्लबाकडूनच खेळणार, एवढीच अट. पहिल्या तुकडीत कोल्हापूरची दोन मुलं घ्यायची होती. त्यासाठी डाबरे सर एकेका तालमीला एकेक सकाळ देत होते.

कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा असतो. पेठेतला पोरगा पेठेच्या तालमीकडून खेळतो. कुणी दुसऱ्या तालमीकडे गेला तर लोक त्याच्या दारावरून मान फिरवून जातात. त्यामुळे पोरं न्यायला आलेल्या माणसाला चहा मिळाला होता, पण खुर्ची मिळाली नव्हती.

"तुमचा गोलकीपर आहे ना एक? मोठा, उंच?" डाबरे सर म्हणाले.

"बाजीराव. त्याचं बोट सुजलंय." आबांनी भिंतीकडे हात केला. "दाखीव रं."

बाज्याने उजवा हात वर केला. मधल्या बोटाला पांढऱ्या कापडाची पट्टी गुंडाळलेली होती.

"मला माझा गोली आणायला हवा होता."

"मग आणायचा की. पोरं घालून न्यायला एवढी मोठी गाडी आणलीसा, गोलीला तेवढी जागा न्हवती व्हय?"

पुन्हा भिंत हसली. डाबरे सर हसले नाहीत. त्यांनी गाडीतून ग्लोव्हजची जोडी काढून माझ्यापुढे धरली.

"तिला सवय न्हाई त्याची," आबा म्हणाले. जोडी परत गाडीत गेली.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. आबा म्हणजे माझे वडील, केशव इंगवले, तालमीचे वस्ताद. मूळचे कुस्तीतले, पण गुडघा गेल्यावर फुटबॉलची पोरं तयार करू लागले. नोकरी महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात, आणि उरलेला सगळा जीव मैदानात. मी तेरा वर्षांची असल्यापासून रोज संध्याकाळी गोलात उभी राहत होते. त्याला कौतुकाचं कारण नव्हतं. आमचं मैदान मुरमाचं, दगडासारखं कडक. सरावात बाज्याची बोटं, कोपरं फुटली असती तर मॅचला कोण उभं राहणार होतं? म्हणून बाज्याला राखायचा आणि फॉरवर्ड पोरांना गोल मारायच्या सरावाला मी. ग्लोव्हजची एकच जोडी होती, तीही मॅचसाठी राखलेली. मला आबांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "तू फक्त पोल धरून उभी राहा. मारतील ती." त्यानंतर चार वर्षांत खेळाबद्दल ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. पोरांना ओरडायचे, शिकवायचे, पाठीवर थाप मारायचे. मी अडवलेला बॉल ते पायाने परत पोरांकडे ढकलायचे, नळाचं पाणी भांड्याकडे वळवावं तसं.

पण चार वर्षं रोज त्याच त्या पोरांचे बॉल अंगावर घेतले की बॉलच्या आधी पोरं कळायला लागतात. बंटी ज्या बाजूला बॉल मारणार त्या बाजूला आधी जीभ बाहेर काढायचा. इंद्रजित डाव्या कोपऱ्यात मारणार असेल तर शेवटचं पाऊल लहान टाकायचा. हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि आबांनाही असेल असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

ती सकाळ खरं तर इंद्रजितची होती. चौदा वर्षांचा इंद्रजित मंडलिक. काडीसारखा, पण बॉल पायाला आला की समोरचा माणूस खुळ्यासारखा एकीकडे आणि हा दुसरीकडे. वडील नव्हते. आई, शालनमावशी, एका खाणावळीत भाकऱ्या थापायची. त्या दिवशी तिने खाडा केला होता. मैदानाच्या कोपऱ्यातल्या नळाजवळ ती कापडी पिशवी पोटाशी धरून उभी होती. पिशवीत इंद्रजितचे कपडे होते. निवडलेली पोरं लगेच गाडीत घालून नेतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"वैजू," सकाळी मैदानात शिरताना ती मला म्हणाली होती, "तू हाईस व्हय गोलात? बरं झालं बाई. घरचंच माणूस."

डाबरे सरांनी पोरांना ओळीत उभं केलं. "हाफलाइनवरून बॉल घेऊन यायचं. समोर फक्त गोली. मी पाय बघणार, वेग बघणार. आणि एकटे असताना डोकं ठिकाणावर राहतं का, ते बघणार. सगळ्यांना पुन्हा पुन्हा संधी मिळेल, घाई करायची नाही."

"घाई तुमालाच दिसतीया," भिंतीवरून कुणीतरी म्हणालं. "दुपारच्या आत पोरं गाडीत घालायची."

पहिली फेरी सुरू झाली. मी रोजच्यासारखीच उभी राहिले. बंटीने जीभ काढली, मी उजवीकडे गेले, बॉल हातात आला. दुसऱ्या पोराचा पोलाबाहेर गेला. तिसऱ्याचा माझ्या पायावर आदळला. इंद्रजित आला तेव्हा भिंत गप्प झाली. त्याने हाफलाइनपासून बॉल असा आणला की डाबरे सरांनी तोंडातली शिट्टी काढून हातात घेतली. शेवटचं पाऊल लहान पडलं. मी डावा कोपरा धरला. बॉल छातीशी आला.

"असू दे, असू दे," भिंतीवरून आवाज आला. "पुढचा जातोय."

पुढचाही गेला नाही. त्याच्या पुढचा गेला. मी घसरले होते, तो सुटला. इंद्रजितने दोन्ही हात वर केले. शालनमावशीने पिशवी कपाळाला लावली. मला वाईट वाटलं नाही. सरावात असे बॉल सुटायचेच, त्यासाठीच मी असायची.

मग डाबरे सरांनी पोरांना पाणी प्यायला सोडलं. मी पोलाला टेकून उभी होते. आबा मैदानाच्या कडेने चालत गोलच्या मागे आले. खालच्या कोपऱ्यात जाळी सुटली होती. ते खाली बसले आणि सुतळीने ती बांधू लागले. माझी त्यांच्याकडे पाठ होती.

"वैजू."

"हं."

"आता एकबी सोडू नकोस."

मी वळून बघितलं. ते गाठ मारत होते. मारून झाली तशी गुडघ्यावर हात देऊन उठले आणि आल्या वाटेने परत गेले.

त्या क्षणाचं मला आजही नेमकं सांगता येत नाही. चार वर्षांनी त्यांना दिसलं होतं की गोलात कुणीतरी उभं आहे. मुंबईचा माणूस बघतोय आणि माझा बाप मला सांगतोय, एकबी सोडू नकोस. मी ओढणी कमरेला आणखी घट्ट बांधली. हातावर थुंकले, पोरं थुंकायची तशी. तोवर मी कधी थुंकले नव्हते.

त्यानंतर मी एकही सोडला नाही.

मी पुढे आले, अंगावर गेले, मुरमावर लोळले. कोपर सोललं, सलवार गुडघ्यावर फाटली. पोरं आधी हसली, मग चिडली, मग त्यांचे पाय अडखळायला लागले. बंटीने एक बॉल मुद्दाम माझ्या तोंडावर मारला. तोही मी धरला. भिंत आता हसत नव्हती.

"ए पोरी, येडी का खुळी?"

"वस्ताद, तिला सांगा की कायतरी."

"घरात भांडी घासायला लावा तिला."

आबा दूर, हाफलाइनच्या पलीकडे, हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी काही सांगितलं नाही. मी दर बॉलनंतर त्यांच्याकडे बघत होते.

इंद्रजितचा खेळ बिघडला होता. तो जितका बिघडत गेला तितका घाई करत गेला आणि जितकी घाई केली तितकं त्याचं शेवटचं पाऊल स्पष्ट दिसायला लागलं. शेवटच्या फेरीत तो बॉल घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा रडवेला होता. अगदी जवळ आल्यावर, ओठ न हलवता, मला एकटीला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "वैजूताई, एक सोड की."

पाऊल लहान पडलं. मी डावीकडे झेपावले. बॉल माझ्या उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांना लागला, करंगळीशेजारचं बोट मागे मुडपलं आणि बॉल पोलावरून बाहेर गेला.

इंद्रजितने पोलाला लाथ घातली आणि तिथेच बसला.

डाबरे सर पोरांपाशी आले. त्यांनी आवाज चढवला नाही. "पाय चांगले आहेत तुमचे," ते म्हणाले. "ह्याचे तर फारच चांगले. पण मुला, तू सारखा एकाच ठिकाणी मारतोस आणि चुकलं की घाबरतोस. माझ्याकडे दोनच जागा आहेत. परवा दुसऱ्या तालमीत पोरांनी माझ्या डोळ्यांसमोर गोल मारलेत. मी त्यांना नाही कसं म्हणू?"

"त्यांच्या गोलात कोण होतं?" मी विचारलं.

सगळे माझ्याकडे वळले.

"म्हणजे सर, मला ह्यांची सवय आहे. मी रोज..."

"वैजू," आबा म्हणाले. "घरी जा."

"नाही, पण आबा, सरांना सांगायला पाहिजे की..."

"घरी जा म्हटलं न्हवं?"

त्यांचा आवाज मैदानावरचा होता. घरात त्यांनी तो कधी काढला नव्हता. डाबरे सर माझ्याजवळ आले आणि सुजायला लागलेल्या माझ्या बोटाकडे बघत म्हणाले, "ह्यावर बर्फ ठेव. आमच्याकडे मुलींचं काही नाही ग अजून. असतं तर आज मी इथून एकच नाव घेऊन गेलो असतो." मग आबांकडे वळून म्हणाले, "गोलकीपर चांगली तयार केलीत."

"घरातलीच हाय," आबा म्हणाले.

गाडी रिकामी निघाली. भिंतीवरच्या माणसांनी तिला वाट दिली. त्यांना काय वाटत होतं ते त्यांच्या चेहऱ्यांवरून सांगता येत नव्हतं. पोरं गेली नाहीत याचा आनंद होता आणि पोरं नाकारली गेली याचा संताप. असे दोन्ही एकदम आले की माणसाला कुणीतरी समोर लागतं.

शालनमावशी नळापाशी माझ्या आडवी आली. पिशवी अजून पोटाशीच होती.

"तुझं काय घोडं मारलं हुतं गं माझ्या पोरानं?"

तिने वाट सोडली नाही.

"घरचं माणूस म्हणलं मी तुला. सकाळी माझ्या तोंडानं म्हणलं." तिचा आवाज चढलेला नव्हता. "तुझं लगीन हुईल, जाशील. ह्यो काय करंल? भाकऱ्या थापंल माझ्यासंगं?"

संध्याकाळी आईने मला तालमीत पाठवलं. आबा दुपारी जेवायलाही आले नव्हते. तालमीच्या आत बायका जात नसत. मी उंबऱ्याबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ उभी राहिले. आत मारुतीपुढे समई होती, भिंतीला मुदगल टेकवलेले होते आणि मधोमध तालमीचे अध्यक्ष नाना सरनाईक सतरंजीवर बसले होते. आबा त्यांच्या शेजारी. कडेला दोघं-तिघं कॅरम खेळत होती. कॅरमच्या सोंगट्यांचा आवाज मधून मधून येत होता.

"वस्ताद, तुमी काय पण म्हणा," एक तरणा माणूस बोलत होता. "पोरीनं इंद्याचं वाटोळं केलं. अख्ख्या पेठेसमोर."

"तिला गोलात घातलीच कशाला?"

"बाज्याचं बोट सुजलेलं."

"मग दुसरा कुणीबी चालला असता. खांब उभा केला असता तरी इंद्या गेला असता."

आबा मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत होते. मी वाट बघत होते. ते सांगतील की पोरीने तिचं काम केलं, मीच तसं सांगितलं होतं. तेवढंच त्यांनी म्हणायचं होतं. पुढची बोलणी मी त्यांच्या शेजारी उभी राहून ऐकली असती.

"वस्ताद?"

"पोरीची जात," आबा म्हणाले. "कुठं धरायचं, कुठं सोडायचं, कळलं न्हाई तिला. मी काय करू?"

मग नाना सरनाईकांनी पानाचा विडा गालात सरकवला.

"झालं ते झालं. शालनला मी समजावतो. आणि खरं सांगू का, इंद्या ऱ्हायला हे काय वाईट झालं व्हय? मार्चात फायनल हाय. पोरं तयार करायची आपण आणि गोल मारायचे मुंबईसाठी? केशवा, तूच म्हणालतास न्हवं तसं, परवाच्या दिवशी?"

आबांनी मान वर केली नाही.

कॅरमचा आवाज आला. टक. मी तिकडे बघितलं. स्ट्रायकर बाज्याकडे होता. त्याने मधलं बोट अंगठ्याखाली ताणलं, नेम धरला आणि सोडलं. राणी सरळ जाऊन खळग्यात पडली. बोट लांब, बारीक, चांगलं होतं. पांढरी पट्टी पावडरच्या डबीशेजारी गुंडाळून ठेवलेली होती.

मी आबांना हाक न मारता परत आले.

ते आले तेव्हा आई चुलीपाशी हळद तापवत होती. माझं बोट वांग्यासारखं झालं होतं. आबांनी हात-पाय धुतले, माझ्यासमोर पाटावर बसले आणि खिशातून पट्टी काढली. तिच्यावर कॅरमची पावडर होती.

"बोट दे."

मी दिलं. त्यांनी ते धरून सरळ ओढलं. कुस्तीतल्या माणसाचे हात, त्यांना हाडं कळत. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण मी आवाज काढला नाही. त्यांनी हळद लावली आणि पट्टी गुंडाळायला लागले. एक वेढा, दुसरा वेढा.

"बाज्याचं बरं झालं?" मी विचारलं.

त्यांचा हात थांबला. मग त्यांनी पट्टीचं टोक दातांनी फाडलं, दोन शेपटांची गाठ मारली आणि ती घट्ट केली.

"झालं," ते म्हणाले.

आमच्यात त्या विषयावर झालेलं ते एवढंच बोलणं. मी परत गोलात उभी राहिले नाही. त्यांनीही बोलावलं नाही.

मार्चात आमची तालीम जिंकली. इंद्रजितने दोन गोल मारले, हलगी वाजली, आमच्या दारापर्यंत गुलाल आला आणि आईने उंबऱ्यात पाणी ओतून तो धुतला. पुढची तीन-चार वर्षं पेठेत इंद्रजितच्याच नावाचा घोष होता. मग त्याच कडक मैदानावर त्याचा गुडघा गेला. आबांसारखाच. डाबरे सरांची ती मुलांची अकादमी वाढत गेली. त्या वेळी गेलेली पोरं देशाच्या संघाच्या शिबिरापर्यंत पोचली, टीव्हीवर दिसली. बाराएक वर्षांनी तिथे मुलींचा विभागही निघाला. डाबरे सरांनी कुठून तरी माझा नंबर मिळवून फोन केला होता. मुलींच्या गोलकीपरना शिकवायला येशील का, म्हणून. मी तेव्हा नाशिकला कॉलेजात शिकवत होते, पोटात सहा महिन्यांचा मुलगा होता. मी त्यांना धन्यवाद म्हणाले. आबांना तो फोन मी कधी सांगितला नाही.

आबा गेले त्याला आता दीड महिना होईल. खांदा द्यायला इंद्रजित सगळ्यांत पुढे होता, लंगडत, कुणाला जागा न देता. तेरावं झाल्यावर लोक यायचे थांबले, आणि मग एका दुपारी तो एकटा आला. टेम्पो गेटबाहेर उभा केला. आई आतल्या खोलीत पडली होती. मी चहा केला. तो खुर्चीच्या कडेवर बसून समोर आबांच्या फोटोकडे बघत राहिला.

"ताई, एक इचारू?"

"विचार."

"त्या ट्रायलच्या दिवशी पाणी प्यायला सोडल्यावर वस्ताद तुमच्या मागं आल्ते. जाळी बांधत हुते. कायतरी बोलले तुमाला. मी नळाजवळनं बघितलेलं."

"हो."

"काय बोलले?"

मी कप त्याच्यापुढे सरकवला. त्याने घेतला नाही.

"बाज्या हाय न्हवं, त्यो वरसाखाली दारू पिऊन कायबाय बडबडला. म्हणं, माझं बोट धडधाकट हुतं, वस्तादनीच पट्टी बांधायला लावली. मी कानाखाली वाजवली त्याच्या. म्हटलं, ज्या माणसानं माझं आपरेशन झाल्यावर दोन म्हयनं दवाखान्यात डबा आणला, आईच्या वक्ताला रात्रभर बसला, त्याचं नाव घेतोस?" तो थांबला. "खरं सांगू का, तवापासनं डोक्यातनं जाईना. वस्ताद हुते तवर इचारायचं धाडस झालं न्हाई. आता तुमीच हाईसा."

आतल्या खोलीत पलंग करकरला. आई जागी होती.

आबा रोज डबा घेऊन दवाखान्यात जात हे मला ठाऊक होतं. मी तेव्हा सुट्टीत घरी आले होते, तो डबा मीच भरायची. कशासाठी जातात हेही मला ठाऊक होतं, आणि ते ज्याच्यासाठी जात त्याला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं हा माझा आणि त्यांचा एकमेव एकत्र कारभार होता.

"सोड म्हणाले होते," मी म्हणाले.

इंद्रजितने माझ्याकडे बघितलं.

"म्हणाले, इंद्याचे दोन-तीन सोड. पोराचं कल्याण होईल."

"आणि बाज्याचं बोट?"

"सुजलेलंच होतं. मी स्वतः बघितलं होतं. दारू प्यायलेल्या माणसाचं काय ऐकतोस?"

"मग तुमी...?"

"मी ऐकलं नाही."

"कशापायी?" तो इतक्या हळू बोलला की मला चौदा वर्षांचा तो पोरगा पुन्हा समोर आल्यासारखा वाटला. "मीबी म्हणालो हुतो तुमाला. एक सोड म्हणून."

"ऐकलं होतं. मला त्या माणसाला दाखवायचं होतं, मी काय आहे ते."

तो गुडघ्यावर हात देऊन उठला, आबा उठत तसा. फोटोपुढे जाऊन वाकला. डोकं वर केलं तेव्हा चेहरा ओला होता आणि हलका झालेला होता. माझ्याकडे वळल्यावर तो हलकेपणा राहिला नाही.

"आई मरस्तोवर तुमाला शिव्या देत हुती," तो म्हणाला. "मी तिला गप करायचो. म्हणायचो, पोरगी हुती, तिला काय कळतंय. उगंच गप केली."

"हं."

"वस्तादांच्या वर्षश्राद्धाला मी येणार. मला बोलवायला लागू नये." दारात चप्पल घालता घालता तो थांबला. "तुमी त्या दिवशी कोल्हापुरात नसलासा तर बरं."

टेम्पो सुरू झाला, गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. गेट त्याने उघडंच टाकलं होतं.

"वैजू," आईने आतून हाक मारली.

मी दारात गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"त्यांनी खरंच सोड म्हणून सांगितलं होतं?"

"हो."

मग तिने पदर तोंडावरून ओढला आणि म्हणाली, "इतकी वर्षं मला घोर होता गं. वाटायचं, ह्यांनीच काहीतरी... बरं झालं, ऐकलं ते. तू तरी असं कसं केलंस?"

मी बाहेर आले. इंद्रजितने चहाला हात लावला नव्हता, त्यावर साय आली होती. मी गेट लावलं, कप उचलून मोरीत नेला आणि विसळायला घेतला. करंगळीशेजारचं बोट त्या दिवशी वाकडंच जुळलं होतं. कपाच्या कानात ते अजून नीट बसत नाही.